उंबऱ्याबाहेरचा कायदा

मोबाइलवर आई दिसायची तिथे कापड दिसलं, तेव्हा मी नव्या भरतीच्या पोरांना संमती म्हणजे काय ते शिकवत होतो. लांबट खोली, कागदी पेल्यांतला कोमट चहा, पांढऱ्या फळ्यावर माझ्या अक्षरातली सहा कारणं. माझं कामच ते. आमच्या कंपनीची गिऱ्हाईकं युरोपातली. तिथल्या माणसांची नावं, पत्ते, दुखणी, आवडीनिवडी आमच्या यंत्रांत येऊन पडतात आणि त्यांच्या मागोमाग तिथला कायदाही येतो. माणसाची माहिती त्या माणसाची, तिला हात लावायचा तर त्या सहांतलं एक धड कारण हवं, एवढंच त्या कायद्याचं म्हणणं. पण ते म्हणायला तो इतकी पानं खर्च करतो की कंपनीला माझ्यासारखा एक माणूस पोसावा लागतो. पोसलेला माणूस त्या दुपारी खुशीत होता. मला समोर माणसं बसलेली आवडतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा हळूहळू उतरवायचा, यातली मजा मला कळते. ‘गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे,’ मी सांगत होतो. ‘आपणच आधी खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. कशासाठी विचारताय ते समोरच्याला कळलं पाहिजे, नाही म्हणायची सोय पाहिजे, आणि दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. होकार एका बटणावर घेतलात आणि नकारासाठी माणसाला दारोदार फिरवलंत, तर ती संमती नाही, तो सापळा.’ इथे पोरं हसतात. याही वेळी हसली. मग पुढच्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली, ‘सर, पण हो म्हटल्याचं त्या माणसाला आठवतच नसेल तर?’ ‘लक्षात ठेवणं त्याचं काम नाही. त्याने होकार दिला होता हे दाखवता येणं, हे आपलं काम,’ मी म्हणालो आणि सवयीने टेबलावरच्या मोबाइलकडे नजर टाकली. दर थोड्या वेळाने मी तसं बघतो. आईची खोली, खाट, खिडकीजवळची खुर्ची आणि खुर्चीत आई, असं ते चित्र असतं. आता तिथे निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड होतं, इतकं जवळ की त्याची वीण दिसत होती.

आई पडली असती तर पडलेली दिसली असती, बाहेर गेली असती तर रिकामी खोली दिसली असती. कापडाचं काय करायचं ते मला कळेना. मी पोरांना वाचायला काहीतरी दिलं, विभागाच्या बाईंच्या दारात डोकावून ‘घरी जातो’ एवढंच म्हणालो, आणि त्यांनीही चष्म्यावरून पाहून मान हलवली. आईचं त्यांना ठाऊक आहे. बसमध्ये बसल्यावर मोबाइल कानाला लावला, कारण आईच्या खोलीत लावलेल्या कॅमेऱ्यातून आवाजही येतो. कापडामागे आई गुणगुणत होती. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला. जिवाला घोर लावून स्वतः निवांत असणाऱ्या माणसाचा येतो तसा. शेजारी एक बाई भाजीची पिशवी पायांत धरून डुलक्या काढत होती, पुढे ड्रायव्हर कुणावर तरी खेकसत होता, आणि मी कानाशी आईचं गुणगुणणं धरून बसलो होतो, चोरून. हा शब्द मनात आला आणि गेला नाही. कॅमेरा लावला त्याला कारण होतं, कुणी नाही म्हणू नये असं. आई एका सकाळी घरातल्या चपला घालून खाली उतरली आणि आम्ही पूर्वी राहायचो तिथल्या थांब्यावर जाऊन बसली. ओळखीच्या फळवाल्याने पाहिलं म्हणून बरं. त्याआधी दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं होतं, आणि त्याआधी आणखी काय काय झालं असेल ते आम्हाला कळलंच नव्हतं. ताई दुसऱ्या शहरात असते, तिचा संसार, तिची दगदग. पण निर्णय घ्यायला ती नेहमी इथेच असते. ‘आई, खोलीत कॅमेरा लावतोय हं, म्हणजे तुझ्यावर आमचं लक्ष राहील. चालेल ना?’ तिने फोनवरून विचारलं, आणि आई म्हणाली, ‘बरं.’ बसवणारा माणूस आला, भिंतीला भोकं पाडून गेला, आईने त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कोण होता रे हा?’

‘बरं’ हा आईचा शब्द. बाबांची बदली झाली की बरं, बदली रद्द झाली की बरं. मी नोकरी सोडली तेव्हा बरं, माझं लग्न मोडलं तेव्हाही, थोडं थांबून, बरं. लहानपणी मला वाटायचं याचा अर्थ हो. तो अर्थ नव्हता. तुम्ही ठरवलंच आहे तर मी आड येत नाही, असा तो होता, आणि कधी कधी तर नुसतं, ऐकलं. कायद्यात यासाठी एक जागा आहे. मालकाने नोकराला विचारलं, ‘चालेल ना?’ आणि नोकर हो म्हणाला, तर तो होकार सहसा धरू नये; ज्याला नाही म्हणायची चोरी आहे त्याच्या हो ला वजन नाही. हे मी पोरांना रंगवून सांगतो. ज्या बाईच्या औषधाचा डबा मी भरतो, दाराची किल्ली माझ्या खिशात असते, जेवण मी ठेवतो तेव्हा होतं, तिला आम्ही ‘चालेल ना?’ विचारलं, तेव्हा हे रंगवलेलं चित्र मला का आठवलं नाही, कोण जाणे. एक खरं, की तो कायदा आमच्या घराला लागू नाही. आमच्या गिऱ्हाइकांपुरता तो आमच्या ऑफिसात येतो, संध्याकाळी दिवे मालवले की तिथेच राहतो. आणि तिथल्या घरांतही तो शिरत नाही; केवळ घरगुती कामापुरतं असेल तर आमचं काही म्हणणं नाही, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे उंबऱ्यापाशी आला की थांबतो. मला हे कलम नेहमी शहाणपणाचं वाटत आलं होतं. घरात माणसं माणसांना सांभाळून घेतात, तिथे कलमं कशाला.

दार उघडलं तर आई खिडकीजवळ बसून सुई डबीत ठेवत होती. वर भिंतीवर कॅमेऱ्याने निळ्या ठिपक्यांचं झबलं घातलं होतं. फडकं टाकलेलं नव्हतं, शिवलेलं होतं. कडा आत दुमडून टीप मारलेली, मानेशी नाडी, आणि तार बाहेर यायला बरोब्बर तेवढंच भोक. स्टुलावर चढून तिने ते चढवलं असणार. ‘हे काय केलंस?’ ‘झबलं शिवलं.’ ‘कशाला पण?’ ‘सारखा बघतो तो. घरात बाईमाणूस आहे, कपडे बदलते, काही लाज नाही त्याला.’ मग जरा आवाज उतरवून तिने विचारलं, ‘कुणाचा आहे?’ युरोपातला कायदाही आधी हेच विचारतो. ही माहिती नेमकी कुणाच्या ताब्यात, कोण उत्तर देणार. ‘आपलाच आहे, आई.’ ‘मग आपल्याच माणसाला आपल्याकडे एवढं काय बघायचं असतं?’ मी झबल्याची नाडी हातात धरून बघत राहिलो. माप न घेता शिवलं होतं तिने. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हाताला अजून अंदाज होता. ती बायकांचे कपडे शिवायची. पुढच्या खोलीत पडदा लावलेला असायचा, पडद्याअलीकडे मी अभ्यास करायचो, पलीकडे आई मापं घ्यायची आणि तिथून कुजबुज यायची. बायका आत जाताना एक असायच्या, बाहेर येताना वेगळ्याच. कुणी डोळे पुसत यायची, कुणी हसत. मापं ती कागदावर लिहीत नसे. कुणाची कंबर सुटली, कुणाला दिवस गेले, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, हे सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि ते तिच्या पोटात राहायचं. एकदा एका बाईने शेजारणीचं माप विचारलं, सहज, मत्सराने. आई टेप गुंडाळत म्हणाली, ‘तिचं तिला विचार.’ ती बाई पुन्हा आली नाही. बाबा चिडले, कारण गिऱ्हाईक चांगलं होतं. आई म्हणाली, बरं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ‘अरे, आई कुठाय? मला नुसतं कापड दिसतंय. माझे हातपाय गळाले इथे.’ मी सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, ‘काढ ते.’ ‘तिला नकोय तो कॅमेरा, ताई.’ ‘तिला गोळ्याही नको असतात. देतोस ना?’ ‘गोळ्या तिच्या हातात देतो, ती गिळते. हे वेगळं आहे.’ ‘काय वेगळं? जिवाचा प्रश्न असला की परवानगी लागत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझ्या त्या कायद्यातलं.’ सांगितलं होतं खरं. सहा कारणांतलं तेही एक. पण ते रस्त्यात बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी आहे, ज्याला विचारताच येत नाही त्याच्यासाठी. ‘ती बेशुद्ध नाही गं. झबलं शिवतेय.’ ‘बरं, मग तू घरी बस तिच्याजवळ,’ ताई म्हणाली. ती वाईट बोलली नाही, थकलेल्या आवाजात बोलली, आणि तिने फोन ठेवला. तसं करता येत होतं. विभागाच्या बाईंनी मला मागेच सुचवलं होतं, की शिकवणं सोडा, घरून करार वाचायचं काम घ्या, पद खाली जाईल पण दिवसभर घरी असाल. मी म्हणालो होतो, बघतो. हे ‘बघतो’ अजून चालूच होतं. खोलीभर माणसं माझ्याकडे बघताहेत, हे मला सोडवत नव्हतं. आणि मोबाइलमध्ये आई दिसत होती तोवर सोडायची वेळ येत नव्हती. हेतू स्पष्ट लिहा, मी पोरांना सांगतो, दुसऱ्याच्या भल्याच्या नावाखाली आपली सोय लपवू नका. आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा हेतू माझ्या मनाची शांती हा होता. बाकीचंही खोटं नव्हतं. ती पडली असती तर कळलं असतं, हे खरंच. पण पडल्यावर कळलं असतं, आणि तेव्हा मी बसने निघालो असतो.

मग मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यासाठी माझ्यासारखीच अक्कल लागते. मला वाटलं, आईला त्रास कॅमेऱ्याचा नाही, न कळण्याचा आहे. कुणाचा, कशासाठी, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, नको असेल तर काय करायचं. कायदा म्हणतो हे माणसाला आधी सांगा, थोडक्यात सांगा, त्याला कळेल अशा साध्या भाषेत सांगा. आम्ही तिथल्या लहान मुलांसाठीसुद्धा अशा सूचना लिहितो. आईसाठी मी संध्याकाळ घालवून लिहिली. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात: आई, वर आहे तो कॅमेरा. मी आणि ताईने लावला आहे. तुझ्या हल्ली गोष्टी लक्षात राहत नाहीत, म्हणून. त्यातून आम्ही दोघंच बघतो. आठवड्याने सगळं पुसतो. तुला नको असेल तेव्हा झबलं घाल, कुणी रागावणार नाही. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. होकार जितका सहज, नकार तितकाच सहज, आणि तोही तिच्याच हातच्या शिवणीने. झबलं खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलं, कॅमेरा हात पुरेल इतका खाली आणला, म्हणजे स्टूल नको, आणि कागद त्याच्याखाली चिकटवला. ताई म्हणाली, ‘तुझं काहीतरीच असतं,’ पण तिने हरकत घेतली नाही. आईला मी कागदासमोर नेलं. तिने बोट ठेवून सगळं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाली, ‘अक्षर छान आलंय तुझं. शाळेत असताना कावळ्याचे पाय काढायचास.’ आम्ही दोघं हसलो, आणि मला वर्षभरात लागली नव्हती अशी झोप त्या रात्री लागली.

पुढचे दिवस मी ऑफिसातून बघत होतो आणि मला सगळं ठीक चाललेलं दिसत होतं. आई उठायची, खोलीत एक फेरी मारायची, कागदाशी थांबायची, वाचायची. वाचतेय, मी मनाशी म्हणायचो. आमच्या गिऱ्हाइकांच्या सूचना कोण वाचतं? कुणी नाही, खाली सरकवत नेतात आणि हो म्हणतात. माझी आई शब्दन् शब्द वाचत होती. मग ती खाटेच्या कडेला बसायची, बराच वेळ. थकली असेल. जेवायची, पुन्हा फेरी, पुन्हा कागद, पुन्हा खाट. झबलं तिने एकदाही घातलं नाही, त्यावरून मी समजलो की तिची आता हरकत नाही. चष्मेवालीला मी हा किस्सा सांगितलासुद्धा, नाव न घेता, घरगुती उदाहरण म्हणून, आणि ती म्हणाली, ‘किती छान, सर.’ आवाज मी लावलाच नव्हता. चित्र दिसत असताना आवाजाची गरज वाटत नाही. एका दुपारी कँटीनमध्ये एकटाच बसलो होतो, कानात गाण्यांसाठी लावलेले इअरफोन तसेच होते, आणि आईच्या खोलीचं चित्र उघडलं तशी ती एकदम माझ्या कानात बोलायला लागली. ती मोठ्याने वाचत होती. शाळेतल्या पोरीसारखी, अक्षर अक्षर जुळवत. मी आणि ताईने लावला आहे. तुझ्या हल्ली गोष्टी लक्षात राहत नाहीत. तिथे ती थांबली. ‘माझ्या?’ ती म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने वळून पाहिलं, कुणी ऐकलं का बघावं तसं. पुन्हा बोट त्या ओळीवर नेलं आणि पुन्हा म्हणाली, ‘माझ्या?’ मग ती खाटेच्या कडेला बसली आणि आपल्या हातांकडे बघत बसली. थोड्या वेळाने उठून तिने कपाट उघडलं, आतल्या घड्यांवरून हात फिरवला, सगळं जागच्या जागी आहे का ते पाहिलं, कपाट लावलं. हातरुमालाने डोळे टिपले, रुमाल नीट घडी करून उशीखाली ठेवला. त्यानंतर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघता बघता तिचा चेहरा मोकळा झाला, रस्त्यावरचं काहीतरी पाहून ती हसलीसुद्धा. मग फेरी मारायला उठली, आणि भिंतीवर कागद होता.

मी मागचे दिवस उघडत गेलो. प्रत्येक दिवशी तेच, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन्ही वेळा. ‘माझ्या?’ डॉक्टरांनी तिचं दुखणं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, हळू आवाजात, आणि आम्ही ठरवलं होतं की तिला एकदम काही बोलायचं नाही. ती बातमी तिला रोज कळत होती. रोज पहिल्यांदा कळत होती, आणि देणारा मी होतो, जाड पेनाने, सुवाच्य अक्षरात. पहिल्या दिवसानंतर झबल्याच्या ओळीपर्यंत ती एकदाही पोचली नव्हती. हक्क तळाशी लिहून ठेवतात म्हणून ज्या कंपन्यांची मी वर्गात टिंगल करतो, त्यांच्यासारखाच मीही आईचा हक्क तळाशी लिहिला होता, आणि वर तिला धक्का देऊन ठेवला होता. कँटीनमध्ये माणसं ट्रे घेऊन ये-जा करत होती. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आईची इतकी दया मला कधी आली नव्हती, आणि स्वतःचा इतका संतापही नाही.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आल्या आल्या कागद ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. ‘काय होतं रे ते?’ आईने विचारलं. ‘काही नाही, जुना कागद.’ ‘बरं.’ मी तिला चहा दिला, पाव भाजून दिला, आणि तिच्या खाटेसमोरच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसलो. ते सगळे दिवस पुसून टाकायचे होते. त्यातला एकही दिवस जगात कुठे राहू नये असं वाटत होतं. कॅमेऱ्याचं काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. कागद नाही आणि कॅमेरा आहे, म्हणजे ताईचं खरं झालं. सांगायचं नाही, नुसतं बघायचं, तिला दुखत नाही आणि आपल्याला काळजी नाही. तेही मनाला पटत नव्हतं, आणि उद्या सकाळी मला वर्ग होता. ‘काय बघतोस एवढं?’ आई म्हणाली. मी दचकलो. ‘मलाही दाखव की.’ आमचं काय काय ठेवलंय ते दाखवा, असं कुणीही विचारलं तर कायद्याने दाखवावं लागतं, आणि नाही म्हणायला फार मोठं कारण लागतं. माझ्याजवळ कारण नव्हतं. मी खाटेपाशी गेलो, आवाज बंद केला आणि त्यातल्या त्यात साधी दुपार शोधून मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून जरा लांब. चित्रात ती खुर्चीत बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. एवढंच. बराच वेळ एवढंच.

‘कोण आहे ही?’ आई म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. ‘ओळखीची वाटत नाही?’ मी विचारलं. ‘चेहरा धड दिसत नाहीये. कुणाची तरी आई असेल.’ ती बघत राहिली. मागे ज्या नजरेने कपड्याची बसवण बघायची, त्या नजरेने. ‘ब्लाउज खांद्यात सैल झालाय तिला. वाळलीय.’ मग म्हणाली, ‘कधीची बसलीय अशी?’ ‘दुपारपासून.’ ‘एकटीच?’ ‘हो.’ ‘आपण बघतोय ते ठाऊक आहे का तिला?’ मी म्हणालो, ‘नाही.’ ‘विचारायचं तरी एकदा.’ ‘विचारलं होतं.’ ‘मग काय म्हणाली?’ काय म्हणाली. बरं म्हणाली होती, आणि मग झबलं शिवलं होतं. ‘नको म्हणाली,’ मी सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं, लहानपणी पडद्याच्या फटीतून डोकावताना पकडलं की बघायची तसं, आणि मोबाइल पालथा करून चादरीवर ठेवला. ‘मग बंद कर बाबा ते. आणि तिच्याजवळ कुणीतरी जाऊन बसा. असं लांबून बघून काय होतंय?’ ‘मी बसतो,’ मी म्हणालो. ‘तू कशाला? तुला ऑफिस असतं. तिच्या घरचं कुणी असेल ना.’ ‘मीच तिच्या घरचा, आई.’ ती क्षणभर विचारात पडली. ‘मग इथे काय करतोयस?’ ती म्हणाली. ‘जा.’

मी उठलो. तिने जा म्हटलं होतं, आणि तिथे उभं राहून तिला काही समजावून सांगणं हा पुन्हा तोच कागद झाला असता. बाहेर पॅसेजमध्ये गेलो, कॅमेऱ्याची तार जिथे लावली होती तिथून ती काढली. ताईचा फोन येईल, आला तर सांगू. विभागाच्या बाईंना तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि म्हणालो, घरून करायचं ते काम मला द्या, उद्याचा वर्ग शेवटचा. त्या म्हणाल्या, ‘नक्की?’ मी म्हणालो, ‘नक्की.’ मला वाईट वाटलं. खोलीभर पोरं, फळा, तो हशा, सगळं डोळ्यांपुढे आलं. खाली कुणाच्या तरी घरात नळ वाहत होता, जिन्यात कुणी किल्ल्या वाजवत वर येत होतं. मग मी आईच्या खोलीत गेलो. ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली होती, बाहेर बघत. माझ्या पावलांचा आवाज ऐकून वळली आणि तिचा चेहरा उजळला.

‘आलास?’ ती म्हणाली. ‘कधीची एकटी बसलेय मी.’

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.